पाऊण वाणी

नागपूरच्या कळमन्यात माणसाचा आवाज दिवसरात्र चालू असतो. आंबिया बहाराच्या दिवसांत काटोल, नरखेड, वरुडकडून संत्र्याच्या गाड्या रात्रभर येत राहतात. उजाडायच्या आत बाजार समितीच्या आवारात ढीग लागतात आणि बोलीला तोंड फुटतं. एकेका ढिगाभोवती माणसांचं कोंडाळं, मध्ये भाव पुकारणारा एक जण, आणि त्याच्यावर आवाज चढवणारा शेजारच्या ढिगावरचा दुसरा. हमालांचं ‘बाजू, बाजू’, मागे येणाऱ्या ट्रकचा बीप-बीप आणि कामठीकडे निघालेल्या मालगाडीचा भोंगा. या सगळ्या आवाजाला अर्थ आहे. भाव, वजन, वाट, इशारा. ज्याला तो अर्थ कळत नाही त्याचं बाजारात नुकसान होतं.

याच भागातून पिवळी नदी वाहते. नागपूरकर तिला पिली नदी म्हणतात. 1912 साली बांधलेल्या गोरेवाडा तलावाकडून ती निघते, उत्तर नागपूर ओलांडते आणि शहराच्या पूर्वेला नाग नदीला मिळते. पुढे हे पाणी कन्हानमार्गे वैनगंगेत जातं. तिच्यात पाणी कमी आणि सांडपाणी जास्त आहे, हे इथं राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. काठाला बेशरमची झुडपं माजली आहेत, जिथं प्रवाह मंदावतो तिथं जलपर्णी आहे, आणि सखल मोकळ्या भूखंडांवर पावसाळ्यात साचलेलं पाणी दिवाळीपर्यंत टिकतं. पाणथळ म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे चित्र येतं, ते हे नव्हे. तरीही इथं शेकाट्या आहे. लांब गुलाबी पायांचा, काळ्या-पांढऱ्या अंगाचा हा पक्षी घाण पाण्यातही पोट भरतो, कारण तिथल्या चिखलात किड्यांच्या अळ्या भरपूर असतात. त्याचा ‘किप्-किप्-किप्’ हा टोचणारा सूर ट्रकच्या आवाजातूनही वेगळा काढता येतो. बेशरमच्या जाळीत लाजरी पाणकोंबडी असते. पाठ काळसर, छाती आणि तोंड पांढरंशुभ्र, शेपटीखाली विटकरी रंग, आणि चालताना ती आखूड शेपटी सारखी वर-खाली. एरवी ती तोंडातून शब्द काढत नाही. मृगाचा पाऊस झाला की मात्र तीच पाणकोंबडी झुडपाच्या शेंड्यावर चढते आणि घुरघुर, क्वाक्-क्वाक्, कुक्-कुक् असा आवाज लावते. तो रात्रीही थांबत नाही. हिवाळ्यात उत्तर आशियाकडून आलेले तुतवार चिखलात चोच खुपसत फिरतात आणि जरा पाऊल वाजलं की शीळ घालत उडतात. आणि टिटवी तर सगळीकडे आहे. रेल्वेच्या खडीजवळ, रिकाम्या प्लॉटवर, बांधकामाच्या ढिगाऱ्यावर.

प्रश्न असा आहे की हे आवाज कुणाशी बोलतात? माणसाशी बोलत असतील, तर काय सांगतात? आणि माणसाशी बोलतच नसतील, तर माणूस त्यांचं काही देणं लागतो का? पक्षीनिरीक्षकाच्या वहीत हा प्रश्न सहसा सापडत नाही. तो धर्माचा प्रश्न आहे, आणि धर्मग्रंथांनी तो फार पूर्वी विचारून ठेवला आहे.

शतपथ ब्राह्मणाच्या चौथ्या कांडात सोमाच्या वाटणीची एक कथा येते. सोमाच्या पेल्यात आपल्यालाही वाटा हवा, असं इंद्र वायूला म्हणतो. वाटा मिळाला तर वाणी स्पष्ट होईल, असं त्याचं वचन असतं. वाटा किती, यावर दोघांचं भांडण जुंपतं. इंद्र अर्धा मागतो, वायू पाव म्हणतो. प्रकरण प्रजापतीकडे जातं आणि इंद्राला पाव हिस्साच मिळतो. तेव्हा इंद्र म्हणतो की मला पाव दिलात ना, तर मग वाणीही पावच स्पष्ट होईल. म्हणून वाणीचा एक पाव माणसं बोलतात आणि तेवढाच स्पष्ट आहे. उरलेल्या तीन पावांपैकी एक पशूंकडे आहे, एक पाखरांकडे, आणि एक सरपटणाऱ्या क्षुद्र जीवांकडे. निरुक्तातही वाणीच्या चार भागांचा अर्थ लावताना काही जणांचं मत म्हणून अशीच वाटणी नोंदवली आहे.

ही कथा नीट ऐकली तर तिच्यात एक मोठं धाडस आहे. पाखरांच्या आवाजाला ती नुसता आवाज म्हणत नाही, वाणी म्हणते. आपल्याला तो कळत नाही याचं कारण पाखरांच्या उणेपणात नाही, इंद्राला मिळालेल्या वाट्यात आहे. आणि हिशेब मांडला तर माणूस अल्पमतात आहे. पाऊण वाणी त्याच्या कानाबाहेर चालू आहे.

पुढच्या शास्त्रकारांना इतकं औदार्य परवडलं नाही. न्याय-वैशेषिकांनी शब्दाचे दोन प्रकार केले, ध्वनिरूप आणि वर्णरूप. नगाऱ्याचा आवाज पहिल्यात गेला आणि भाषा दुसऱ्यात. वैयाकरणांपुढे मात्र पेच उभा राहिला. पाणिनीचा एक नियम स्पष्ट वाणी असणाऱ्यांनी एकत्र बोलण्याविषयी आहे. कोंबडे एकत्र आरवले तर तो नियम लागू होतो का? महाभाष्यात पतंजलीनं ही शंका गंभीरपणे घेतली आहे. कोंबडा आरवल्यावर लोक ‘कोंबडा बोलला’ असंच म्हणतात, मग त्याची वाणी स्पष्ट नाही असं कशावरून म्हणायचं? शेवटी ज्यांच्या उच्चारात अक्षरं वेगवेगळी ओळखू येतात तेच स्पष्टवाणीचे, असं ठरतं आणि कोंबडा बाहेर राहतो. पण त्याला बाहेर काढायला वाद घालावा लागला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

लोकांनी या वादाची वाट पाहिली नाही. पाखरांचं बोलणं आपल्यासाठी आहे असं धरून ते चालले. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो, हे महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या घरात वेगळं शिकवावं लागत नाही. पहाटे दारात येणारा पिंगळा जोशी आपल्या भविष्याचा पुरावा म्हणून त्याच नावाच्या पाखराची भाषा सांगतो. टिटवी घरावरून ओरडत गेली तर जुन्या बायका अजून चरकतात, आणि तिनं अंडी उंचावर घातली की यंदा पाऊस जोरात, असा अंदाज बांधला जातो. वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत शकुनांवर अध्यायच्या अध्याय लिहिले. कोणत्या दिशेला, कोणत्या प्रहरी, कोणता पक्षी कसा ओरडला की काय घडतं, याचं ते मोठं बाड आहे.

या समजुतींना अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणं सोपं आहे, पण तेवढं पुरेसं नाही. पावशाचंच घ्या. तो कोकिळेच्या कुळातला. स्वतः घरटं बांधत नाही, सातभाईच्या घरट्यात अंडी टाकतो. सातभाईंची वीण आणि पावसाचे दिवस जुळतात, म्हणून पावशाची हाक नेमकी पेरणीच्या तोंडावर वाढते. तो मादीला बोलावत असतो. शेतकऱ्याला त्यात पेरणीचा सांगावा ऐकू येतो, आणि वेळ बरोबर निघते. म्हणजे ऐकणाऱ्यानं कान दिला होता, पिढ्यान्‌पिढ्या दिला होता. चूक झाली ती एका पायरीवर. ‘याच्या आवाजावरून मला कळलं’ इथून तो ‘यानं मला सांगितलं’ इथं पोचला. टिटवीच्या बाबतीत हीच चूक महागात पडते, कारण तिच्या ओरडण्याचं खरं कारण बहुतेक वेळा खाली जमिनीवर असतं. तिथं चार ठिपकेदार अंडी आहेत आणि कुत्रं किंवा माणूस त्यांच्याकडे निघाला आहे. ती अपशकून करत नसते. अपशकून तिच्यावर चालून येत असतो.

पंचतंत्रानं तिची बाजू घेतली आहे. समुद्रानं टिटवीची अंडी पळवली, तिनं सगळ्या पाखरांना गोळा केलं, पाखरं गरुडाकडे गेली, गरुड विष्णूकडे, आणि समुद्राला अंडी परत द्यावी लागली. टिटवीदेखील समुद्र आटविते, ही म्हण मराठीत या कथेतूनच आली. त्या गोष्टीत टिटवीचा आवाज कुणाचं भविष्य सांगत नाही. तो फिर्याद आहे.

बेडकाचं स्थान तर याहून वरचं. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातलं एकशे तिसरं सूक्त पूर्णपणे बेडकांवर आहे आणि ते वसिष्ठाच्या नावावर आहे. वर्षभर व्रतस्थ ब्राह्मणांसारखे गप्प पडून राहिलेले बेडूक पर्जन्यानं जागे होतात आणि बोलू लागतात. गुरूमागोमाग शिष्यानं म्हणावं तसं एकाचं बोलणं दुसरा म्हणतो. अतिरात्र यज्ञात सोमाभोवती बसलेल्या ब्राह्मणांसारखे ते भरलेल्या तळ्याभोवती बसतात. कुणाचा आवाज गाईचा, कुणाचा बोकडाचा, कुणी ठिपक्यांचा, कुणी हिरवा. नाव सगळ्यांचं एक आणि आवाज निरनिराळे. शेवटी त्यांच्याकडे धन आणि आयुष्य मागितलेलं आहे.

एकोणिसाव्या शतकात माक्स म्युलरसारख्या युरोपीय पंडितांना यात ब्राह्मणांची टिंगल दिसली. पुढे ब्लूमफील्डनं हे पाऊस मागण्याचं सूक्त आहे असा अर्थ लावला. निरुक्तात यास्कानं जे सांगितलं आहे ते दोघांच्या आधीचं आणि जास्त सरळ आहे. पाऊस हवा म्हणून वसिष्ठ पर्जन्याची स्तुती करत होता, बेडकांनी त्याला साथ दिली, ते पाहून त्यानं बेडकांचीच स्तुती केली. इथं टिंगलीला जागाच नाही. ऋषीनं मंत्र म्हटला आणि तळ्यातून होकार आला, एवढाच यास्काचा अर्थ आहे, आणि तो खरा वाटतो.

कारण त्या सूक्तातलं निरीक्षण पक्कं आहे. विदर्भात पहिला दणकून पाऊस झाला की ज्याला बैलबेडूक म्हणतात तो मोठा बेडूक जमिनीतून वर येतो. कोरड्या महिन्यांत तो मातीत निपचित पडलेला असतो, म्हणजे सूक्तातलं व्रत. नराचा रंग त्या काही दिवसांपुरता हळदीसारखा पिवळा होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. आवाज त्या पिशव्यांतून घुमतो. डबक्यात त्याच वेळी दुसऱ्या जातींचे बेडूकही ओरडत असतात. प्रत्येकाची पट्टी वेगळी, लय वेगळी, आणि मादी त्या कल्लोळातून आपल्याच जातीचा सूर वेचते. नाव एक आणि आवाज अनेक, हे ऋषीनं ऐकलं होतं.

विदर्भातच पाऊस लांबला की धोंडी काढत. एका काठीला कडुलिंबाचा पाला आणि त्यात बेडूक बांधून पोरं घरोघर जात, बाया त्यावर पाणी ओतत. ऋग्वेदातली श्रद्धा आणि ही श्रद्धा एकाच मुळाची आहे. बेडकाच्या आवाजाचा पावसाशी संबंध आहे हे दोघांनाही ठाऊक आहे. पण सूक्तात बेडूक तळ्यात बसून बोलतो आणि माणूस ऐकतो. धोंडीत तो काठीला बांधलेला असतो. एकाच श्रद्धेतून ऐकणंही निघतं आणि बांधणंही निघतं, आणि पाणथळीचा धर्म ठरतो तो या दोहोंपैकी काय निवडलं यावर.

याहून वेगळी वाट बौद्ध परंपरेत दिसते. लहान सुखावतीव्यूह सूत्रात अमिताभ बुद्धाच्या भूमीचं वर्णन आहे. तिथं कमळांची तळी आहेत आणि हंस, क्रौंच, मोर दिवसातून तीनदा व रात्रीतून तीनदा एकत्र येऊन गातात. त्यांच्या गाण्यातून धम्माची अंगं ऐकू येतात आणि ऐकणाऱ्याला बुद्ध, धम्म आणि संघ आठवतात. आणि मग सूत्राला एकदम शंका येते. त्या भूमीत तर कुणाला पशुयोनी नाही, मग हे पक्षी आले कुठून? उत्तर असं की ते खरे पक्षी नव्हेतच. धम्माचा आवाज पसरावा म्हणून अमिताभानं ते निर्माण केले. वर्णन फार सुंदर आहे, पण या उत्तरात काहीतरी हरवतं. पक्ष्याचा आवाज पवित्र ठरावा म्हणून आधी पक्ष्याला पक्षीपणातून बाहेर काढावं लागलं.

नागपूरच्या बौद्धांची वाट ही नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर दिलेल्या धम्मात अशा दिव्य भूमीला स्थान नव्हतं. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मात्र सिद्धार्थ आणि देवदत्त यांच्यातल्या जखमी पक्ष्याच्या भांडणाची गोष्ट आहे. पक्षी कुणाचा? बाण मारणाऱ्याचा की वाचवणाऱ्याचा? निवाडा वाचवणाऱ्याच्या बाजूनं होतो. त्या पक्ष्याच्या तोंडी धम्म घालावा लागत नाही. त्याला वेदना होते, एवढं पुरतं. उत्तर नागपुरातल्या घराघरांत ठाऊक असलेली ही गोष्ट पाणथळीच्या प्रश्नाला सुखावतीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

कुराणात हा विचार फार थेट शब्दांत येतो. सात आकाशं, जमीन आणि त्यांत जे जे आहे ते ईश्वराची स्तुती करतं, पण तुम्हाला ती स्तुती समजत नाही, असं सतराव्या सूरेत सांगितलं आहे. चोविसाव्या सूरेत पंख पसरून उडणाऱ्या पाखरांचा उल्लेख आहे. त्यांच्यातल्या प्रत्येकाला आपली प्रार्थना माहीत आहे. पाखरांची बोली सुलेमानाला शिकवली गेली, पण ती देणगी एका पैगंबराची. इतरांनी कळत नाही हे मान्य करायचं, आणि तरी ती प्रार्थना आहे हेही मान्य करायचं. शतपथाचा इंद्र आणि ही आयत यांच्यात शेकडो वर्षांचं आणि हजारो मैलांचं अंतर आहे, पण दोघांनी माणसाला जवळजवळ एकाच जागी उभं केलं आहे.

मराठी मनाला हे सगळं अवधूताच्या चोवीस गुरूंमधून सहज कळावं. भागवताच्या अकराव्या स्कंधातली ती यादी एकनाथांनी मराठीत घरोघर पोचवली. कपोत, अजगर, मधमाशी, मासा, हरिण, कोळी. मूळ यादीतला कुरर पक्षी मराठी याद्यांत बहुतेकदा टिटवी म्हणून येतो. चोचीत मांसाचा तुकडा आहे तोवर बाकीचे पक्षी त्याच्यामागे लागतात. तुकडा टाकला की तो सुखी होतो. आता टिटवी मांस घेऊन उडत नाही, किडे टिपते. ही कथा कैकर किंवा घारीसारख्या शिकारी पक्ष्याला शोभते. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट सहसा निसटते. या चोविसांपैकी पाखरं, किडे, मासे यांतल्या कुणालाही आपण गुरू आहोत हे माहीत नाही. कपोत आपल्या पिलांसाठी रडत होता, अवधूतासाठी नव्हे. शिकवण घेतली गेली, दिली गेली नाही. अशा गुरूला दक्षिणा काय द्यायची? त्याला हात जोडून कळणार नाही आणि फूल वाहून उपयोग नाही. त्याला त्याच्या जागी, त्याच्या कामात असू देणं, हीच एक दक्षिणा त्याच्यापर्यंत पोचते.

ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभी चक्रवाकांची जोडी आहे. रात्री नदीच्या दोन तीरांवर ताटातूट होऊन आक्रोश करणारी ही जोडी संस्कृत कवींनी शतकानुशतकं वापरली. ज्ञानदेवांनी बुद्धी आणि बोध यांना ती दोन पाखरं केलं आणि मधल्या नदीला भेद हे नाव दिलं. ज्ञानाचा सूर्य उगवला की ती भेटतात. हे रूपक ज्यानं केलं त्यानं तो आक्रोश कानांनी ऐकला असला पाहिजे, किंवा ज्यांनी ऐकला त्यांच्यात तो वाढला असला पाहिजे. चक्रवाक अजूनही हिवाळ्यात विदर्भातल्या मोठ्या नद्यांवर आणि जलाशयांवर उतरतात. रात्री विखरून चरताना एकमेकांना घातलेली त्यांची ‘आँग्-आँग्’ अशी हाक पाण्यावरून दूरवर ऐकू येते. कवींच्या विरहाचं मूळ या हाकेत असावं. उद्या ती हाक उरली नाही, तर ओवी छापलेली राहील आणि पारायणंही होतील, पण वाचणाऱ्याला त्या तीरावरून काही ऐकू येणार नाही. धर्माचं असं नुकसान कुणाच्या हिशेबात धरलं जात नाही. ते धरायला हवं.

आणि क्रौंच. तमसेच्या काठी निषादानं जोडीतला नर मारला, मादीनं टाहो फोडला, आणि वाल्मीकीच्या तोंडून श्लोक निघाला. भारतीय परंपरा ज्याला आदिकाव्य म्हणते त्याचा उगम एका पाणथळीतल्या पाखराच्या आवाजात आहे. तो पक्षी म्हणजे सारस, असं अभ्यासक जूलिया लेस्ली यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या सविस्तर लेखात मांडलं. त्यांची कारणं पटण्यासारखी आहेत. सारस जोडीनं राहतो आणि जोडीनं बोलतो. माणसाएवढे उंच ते दोन पक्षी मान ताठ करून, चोच आभाळाकडे करून एकत्र साद घालतात. नर पंख पाठीवर उचलतो, त्याच्या एका लांब हाकेला मादीच्या दोन-तीन आखूड हाका येतात. लांबलचक श्वासनलिकेमुळे ती साद धानाच्या बांध्या ओलांडून कितीतरी दूर जाते. अशी जोडी तुटली की उरलेल्या अर्ध्या आवाजाला काय म्हणायचं? वाल्मीकीला तो करुण वाटला. त्या शोकानं त्यानं शिकाऱ्याला शाप दिला. निषादाच्या घरी चूल पेटली होती की नाही, हे मात्र त्या काठावर कुणी विचारलं नाही.

आज महाराष्ट्रात सारस गोंदिया जिल्ह्यात आणि लगतच्या भंडारा-चंद्रपूरच्या पट्ट्यात जेमतेम मोजण्याइतके उरले आहेत. कळमन्याहून हावड्याच्या रेल्वेमार्गानं गेलं तर गोंदिया एका सकाळचा प्रवास आहे. विजेच्या तारा आणि शेतातली कीटकनाशकं ही त्यांच्या मरणाची ठळक कारणं. निषाद आता एक माणूस राहिलेला नाही. 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली आणि त्यातून जिल्ह्यांमध्ये संवर्धन समित्यांची हालचाल सुरू झाली. न्यायालयापुढे ज्याला बोलता येत नाही अशा पक्षकारासाठी न्यायालयच बोललं. टिटवीची फिर्याद गरुडापर्यंत पोचवणाऱ्या पंचतंत्राला हे सहज कळलं असतं.

वाल्मीकीच्या काठावर न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही याच मुलखात आहे. पूर्व विदर्भात कोहळी समाजानं बांधलेले हजारो तलाव-बोड्या आहेत. मालगुजारी गेल्यावर त्यांना माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव, म्हणू लागले. त्यांवर ढीवर मासेमारांचं पोट आहे. बेशरम वाढली, तळाच्या मूळच्या पाणवनस्पती गेल्या, तसे मासेही घटले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढीवर कुटुंबांबरोबर काम सुरू केलं. लोकांनी तलावांतली बेशरम उपटली आणि स्थानिक वनस्पती पुन्हा लावल्या. काम माशांसाठी झालं, पण त्याच झाडोऱ्यावर कमळपक्षी आणि पाणकोंबड्याही जगतात. पाण्यावर ज्याचं पोट आहे तो माणूस आणि पाण्यावर बोलणारं पाखरू यांच्यात वैर असलंच पाहिजे, ही समजूत या तलावांनी खोटी ठरवली.

कळमन्यात सारस नाही, कमळांनी भरलेली बोडीही नाही. पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालानं शेकाट्याचा सूर ऐकत उभं राहावं, असं कुणी म्हणणार नाही. त्याच्यापुढे दिवसाच्या मजुरीचा प्रश्न आहे. पण गोंगाटाचा जाच त्यालाही आहे आणि पाखरालाही. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात स्लाबेकोर्न आणि पेट या संशोधकांनी 2003 साली दाखवून दिलं की गोंगाटाच्या जागी राहणारे ग्रेट टिट पक्षी वरच्या पट्टीत गातात, कारण खालचे सूर रहदारीच्या घरघरीत बुडतात. 2020 च्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्कोत रहदारी थांबली, तेव्हा तिथल्या व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो या चिमण्यांनी आवाज खाली आणला आणि त्यांच्या गाण्यात पूर्वीचे खालचे सूर परतले. म्हणजे आपल्या पाव वाणीनं उरलेल्या पाऊण वाणीचा सूर बदलायला लावला आहे, आणि आपण थांबलो तर तो परत येतो. शतपथाच्या वाटणीत हे नव्हतं. तिथं कुणीही दुसऱ्याचा वाटा खात नव्हतं.

धर्माच्या नावानं होणारा गोंगाटही यात येतो. तो टाळून पुढे जाणं बरं नाही. विसर्जनाच्या मिरवणुकांचे डीजे, लग्नाच्या वराती, दिवाळीचे फटाके तळ्याच्या काठापर्यंत जातात. नागपुरात तलावांऐवजी कृत्रिम टाक्यांत विसर्जन करण्याची सवय गेल्या काही वर्षांत लागली, ती चांगली आहे. पण तिनं पाणी वाचतं, शांतता नाही. ज्या परंपरेच्या ऋषीनं बेडकांचा होकार ऐकून मंत्र रचला, तिच्या उत्सवात बेडकांचा आवाज बुडावा यात धर्म कुठे आहे, हे मिरवणूक काढणाऱ्यांनीच सांगावं.

शांतता मागायला एक निमित्त तयारच आहे. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांचा 12 नोव्हेंबर. हे दोन दिवस सांधून महाराष्ट्र शासन 2020 पासून पक्षी सप्ताह पाळतं. चितमपल्ली वनखात्यातल्या नोकरीच्या काळात नवेगावबांधच्या तलावावर राहिले आणि तिथल्या कोहळी, ढीवर, गोंड माणसांकडून पाखरांची नावं आणि बोली शिकले. 2025 च्या जूनमध्ये ते गेले. पक्षी सप्ताहात शाळांची सहल तलावावर जाते, चित्रांची प्रदर्शनं भरतात. स्थलांतरित पाखरं त्याच सुमाराला पाण्यावर उतरत असतात आणि अनेकदा दिवाळीही तेव्हाच मागेपुढे असते.

ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम सगळ्या देशाला लागू आहेत. शांतता क्षेत्रात दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबल ही मर्यादा आहे. परिशिष्टातल्या जुन्या व्याख्येत अशा क्षेत्रांमध्ये रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाबरोबर धार्मिक स्थळाभोवतीची शंभर मीटर जागाही होती, आणि सक्षम अधिकारी घोषित करेल ती इतर कोणतीही जागा. पिवळीच्या काठाचा एखादा तुकडा शांतता क्षेत्र घोषित व्हावा, अशी मागणी करता येते. त्याला नवा कायदा नको, अर्ज हवा. पाणकोंबड्यांच्या विणीचे पावसाळी महिने आणि पक्षी सप्ताह, एवढ्यापुरती ती मागणी करता येईल. सही करायला विहारातले उपासक आहेत, मशिदीतले नमाजी आहेत, भजनी मंडळं आहेत, आणि पहाटे तीनला गाडी उतरवणारे हमालही आहेत, ज्यांना रात्रीची झोप पाखरांइतकीच हवी आहे.